कल्पित जगातला लढवय्या राजा कसा घडवावा?

स्वतःचं कल्पित जग रचायला बसलं की लढवय्या राजा पहिल्याच पानावर येतो. तलवार मोठी, डोळे लाल, शत्रू असंख्य, आणि वाचकाला त्याचं काहीच वाटत नाही. नाशिकमध्ये असाल तर एक सकाळ काढा, वही घेऊन पांडवलेणी चढा. माझा राजा रणधवल मला तिथेच सापडला.

आधी नकाशा काढा. राजा कशासाठी लढतो, हे त्यावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे: घाट, बंदर, पाणी. सातवाहन आणि क्षहरात ही दोन राजघराणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी झगडली तो हा मुलूख बंदरांकडे उतरणाऱ्या घाटवाटांचाच.

मग त्याचं कौतुक कोण करतं ते ठरवा. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी कोरली आहे: त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने क्षहरातांचा वंश निखंदून काढला. हे सांगते त्याची आई, गौतमी बलश्री. तेही नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी. मुलामागे उरलेल्या आईचा शब्द म्हटला की तेच वाक्य वेगळं ऐकू येतं. तुमच्या राजासाठीही असं एक माणूस शोधा. निवेदकाने स्तुती करू नये.

विजयाची खूण हातात धरता येईल अशी ठेवा. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ साली क्षहरात राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. हरलेल्या राजाचा चेहरा, त्यावर जिंकलेल्याच्या छापातली डोंगराची खूण. लढाईची दहा पानं लिहून हे साधत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि तीच बहुतेक जण गाळतात: लढाईनंतरची सहा वर्षं लिहा. तिसऱ्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या दोन आज्ञा आहेत. १८व्या वर्षी, विजयी सैन्याच्या तळावरून, तो इथल्या भिक्षूंना काखडी गावातलं २०० निवर्तनं (निवर्तन म्हणजे जमिनीचं जुनं माप) शेत देतो. हे शेत आधी नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे होतं. २४व्या वर्षीची आज्ञा सांगते की ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही. म्हणून नगराच्या सीमेवरची १०० निवर्तनं जमीन द्यावी. गाव का उठलं, यावर शिलालेख गप्प आहे. ती दोन वाक्यं वाचून मी पायरीवर बराच वेळ बसून होते. जिंकलेल्या राजाच्याच आज्ञेत ओसाड गाव!

घरी येऊन रणधवलाच्या सगळ्या लढाया खोडल्या आणि एकच प्रसंग लिहिला. राजाचा कारकून मोजणीची दोरी घेऊन बक्षीस दिलेल्या शेतात येतो. गवत छातीपर्यंत वाढलंय. दोरीचं दुसरं टोक धरायला तो हाक मारतो, पुन्हा मारतो, आणि शेवटी ते टोक बोरीच्या खोडाला बांधतो.