मामाच्या सीड्यांमधून गिटची हिस्टरी कशी उभी करायची

माझा मामा १९९९ पासून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मशीनशॉपवाल्यांना जॉबवर्कचं (दुसऱ्याचा माल घडवून द्यायच्या कामाचं) चलन आणि बिलं करायचं सॉफ्टवेअर देत होता. व्हीबी सिक्समधे (व्हिज्युअल बेसिक) लिहिलेलं, मागं ॲक्सेसचा डेटाबेस. व्हर्जन कंट्रोल (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं) वगैरे काही नाही, मोठा बदल करायचा असला की अख्खा फोल्डर कॉपी करायचा आणि नावापुढं 'नवीन', मग 'नवीन२', मग 'फायनल', मग 'फायनल गणपतीनंतरचं'. २०१९ च्या ऑगस्टात पाणी शाहूपुरीत शिरलं त्यात त्याचा पीसी गेला. राहिल्या त्या माळ्यावरच्या सीड्या, दोन पेनड्राईव्ह, स्वतःलाच ईमेलनं पाठवलेल्या झिपा आणि गिऱ्हाइकांच्या मशीनवर पडून असलेले फोल्डर. त्यातनं मी गिटमधे (असली नोंद ठेवणारा प्रोग्राम) सलग हिस्टरी उभी केली, तुमच्याकडंबी असलं काही पडलं असेल तर कसं करायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे काहीच उघडू नका. खरंच. उत्सुकतेपोटी प्रोजेक्ट व्हीबीत उघडून चुकून सेव्ह केला की फाईलींच्या तारखा गेल्या, आणि व्हीबीची एक खोड आहे, एखाद्या व्हेरिएबलचं नाव एका ठिकाणी स्मॉल अक्षरात टाईप केलं की प्रोजेक्टभर सगळीकडं तसंच करून ठेवतंय. आधी सगळं एका 'मूळ' नावाच्या फोल्डरमधे आणा, प्रत्येक ठिकाणचं वेगळं ठेवा आणि रीड ओन्ली करून टाका. विंडोजमधे साधं कॉपी पेस्ट केलं तर मॉडिफाईड तारीख टिकते, क्रिएटेड मात्र आजची होते, म्हणून क्रिएटेडकडं बघायचंच नाही. सीडीवर ओरखडे असतील तर फाईल फाईल ओढत बसू नका, डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं अख्ख्या सीडीची इमेज (हुबेहूब नक्कल) काढा, अडलेली जागा ते परत परत वाचून बघतंय. कुठली कॉपी कुणाकडनं आली ते एका शीटमधे लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

मग डुप्लिकेट काढायचे. प्रत्येक फाईलचा शा-२५६ हॅश (आतल्या मजकुरावरनं निघणारा ठसा) काढा, ज्या दोन फोल्डरचे सगळे हॅश जुळले ते एकच समजा. माझ्याकडं ३१ फोल्डर होते, खरे वेगळे निघाले १४. तारखांवरनं डुप्लिकेट शोधायला जाऊ नका, कारण पेनड्राईव्ह फॅट फॉर्मॅटचा असला की त्याच्यावर वेळ दोन दोन सेकंदाच्या टप्प्यानंच साठते, झिपचंही तसंच, मग एकच फाईल दोन ठिकाणी सेकंदभर पुढंमागं दिसते आणि आपण उगाच डोकं खाजवत बसतो.

आता खरं काम, क्रम लावायचा. फोल्डरचं नाव विसरा, आमच्यात 'फायनल' हे 'नवीन२' च्या आधीचं निघालं. आतल्या सगळ्यात ताज्या फाईलची मॉडिफाईड तारीख हा पहिला अंदाज, पण बोर्डावरचा सेल मेलेला पीसी असला की तारीख १९८० किंवा असलीच काहीतरी पडते. त्यामुळं दुसरा साक्षीदार लागतोच. व्हीबीपी (व्हीबीच्या प्रोजेक्टची) फाईल नोटपॅडमधे उघडते (मूळ नाही, कॉपी उघडा), तिच्यात मेजर, मायनर आणि रिव्हिजन नंबर असतात, आणि ऑटो इन्क्रिमेंटची टिक असेल तर प्रत्येक वेळी ईएक्सई (चालणाऱ्या प्रोग्रामची फाईल) बनवली की रिव्हिजन एकानं वाढतो. मामानं ती टिक कधीतरी चुकून मारली होती, उपकार झाले. सोर्स हरवून नुसती ईएक्सई उरली असेल तरी तिच्या हेडरमधे कंपाईल झाल्याची वेळ असते.

तिसरा साक्षीदार म्हणजे सरकार. बिलाच्या कोडमधे व्हॅट दिसला तर महाराष्ट्रात तो १ एप्रिल २००५ ला आला. जीएसटी दिसला तर १ जुलै २०१७ च्या आसपासचं किंवा नंतरचं. आणि मशीनिंग जॉबवर्कचा दर १८ चा १२ झाला १ ऑक्टोबर २०१९ ला, त्यामुळं ९ अधिक ९ आणि ६ अधिक ६ (केंद्राचा आणि राज्याचा अर्धा अर्धा) एवढ्यावरनं दोन कॉप्या मला सरळ वेगळ्या करता आल्या.

हे सगळं जुळवूनबी एक गोष्ट बसेना. ६ अधिक ६ वाली कॉपी सगळ्यात नवी, पण तिच्यात चलन रद्द करायचं बटणच नाही, आणि ते तर २०१८ च्या कॉपीत होतं! मामाला फोन केला तर म्हणाला, "अरं पुरानंतर माझ्याकडं काय होतं रं, एका गिऱ्हाइकाच्या मशीनवरनं जुना फोल्डर उचलला आणि त्याच्यातच दर बदलला." म्हणजे तारखेनं आधीची कॉपी ही तिची आई नव्हतीच, आई होती २०१७ ची. हेच बघायचं असतंय. प्रत्येक कॉपी बाकीच्या सगळ्यांशी डिफ करा (ओळीला ओळ ताडून फरक काढा), किती ओळी वेगळ्या ते टेबलात भरा, जिच्याशी सगळ्यात कमी फरक आणि जी तारखेनं आधीची, ती बहुतेक आई. हा डिफ अक्षरांचं स्मॉल कॅपिटल सोडून करा, नाहीतर त्या व्हीबीच्या खोडीमुळं हजारो ओळी बदललेल्या दिसतील. गिटच्या स्वतःच्या डिफला ही सोय नाही, साधा डिफ किंवा विनमर्ज वापरा. आणि फाटे फुटलेले असतील तर फुटू द्या, ओढूनताणून एका रेषेत बसवू नका, गिटच्या ब्रँच त्यासाठीच आहेत.

कमिट करताना (म्हणजे एकेक कॉपी गिटमधे नोंदवताना) आधी ऑटोसीआरएलएफ ही सेटिंग बंद करा, गिटनं ओळींचे शेवट बदलले तर मूळाशी जुळणार नाही, आणि नुसत्या एलएफवाल्या (लिनक्सच्या पद्धतीनं ओळ संपणाऱ्या) फॉर्म फाईली व्हीबीला नीट उघडतबी नाहीत. दरवेळी आईच्या कमिटवर जायचं, डॉट गिट (गिटचा स्वतःचा फोल्डर) सोडून वर्किंग फोल्डर पूर्ण रिकामा करायचा आणि मगच पुढची कॉपी टाकायची, रिकामा नाही केला तर डिलीट झालेल्या फाईली भुतासारख्या मागं राहतात. गिटमधे ऑथर (कोड लिहिणारा) आणि कमिटर (नोंदवणारा) वेगळे असतात ते बरंय, ऑथर मामा आणि जुनी तारीख (टाईमझोन अधिक ०५३० लिहायला विसरू नका), कमिटर मी आणि आजची तारीख. कमिटरलाबी जुनी तारीख देणारे आहेत, मला ते पटत नाही, हे काम आत्ता झालंय ते दिसू दे की. मेसेजमधे कॉपी कुठनं आली आणि तारीख कशावरनं ठरवली ते लिहा, अंदाज असेल तर सरळ 'अंदाज' लिहा. जुन्या फाँटातलं मराठी डिफमधे गचाळ दिसतंय, तरी युनिकोड करायचा मोह आवरा, ते शेवटी वेगळ्या कमिटमधे. गिऱ्हाइकांचा डेटा असलेली एमडीबी (ॲक्सेसची डेटाबेस फाईल) अजिबात टाकू नका, फक्त टेबलांचा ढाचा टाका.

हे हातानं करू नका, छोटी स्क्रिप्ट लिहा जी शीट वाचून पहिल्यापासून सगळी रेपो (गिटमधला अख्खा साठा) बांधते. कारण काम झालं की एक सीडी सापडतेच, मला देवघराच्या ड्रॉवरमधे सापडली, २००६ ची, बरोबर मधली. शीटमधे एक ओळ वाढवली आणि परत चालवली, पण कमिटरची तारीख आजची असल्यानं सगळ्याच कमिटचे हॅश (गिटमधली त्यांची ओळख) बदलले, म्हणून घाईनं कुणाला रेपो पाठवायची नाही.

शेवटी तपासणी, प्रत्येक कमिट चेकआऊट करून (गिटमधनं परत बाहेर काढून) मूळ फोल्डरशी डिफ. एमडीबी आणि तिचा ढाचा सोडला तर फरक शून्य यायला पाहिजे. माझ्या दोन ठिकाणी आला नव्हता, दोन्हीकडं फोल्डर रिकामा करायचा राहिला होता.

२००९ ते २०१२ मधली एकबी कॉपी नाही मिळाली. ते कमिट मी बनवले नाहीत, पुढच्या मेसेजमधे 'मधलं सापडलं नाही' एवढंच लिहिलंय.