सांडपाण्याचा पंप घेण्याआधी खड्डा मोजा

जळालेले सबमर्सिबल पंप उघडणं हे माझं रोजचं काम. पंप टेबलावर आला की मी आधी इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं चाक बघतो, मोटरचं वाइंडिंग (तारांची गुंडाळी) नंतर. इंपेलरमध्ये चिंधी, केस किंवा ओल्या वाइप्सचा पीळ बसलेला असतो. मग तेलाच्या चेंबरचा स्क्रू काढतो. तेल दुधाळ निघालं तर खालचं सील, म्हणजे पाणी आत येऊ न देणारी शाफ्टवरची कडी, गेलेलं असतं आणि पाणी मोटरच्या वाटेला लागलेलं असतं. पंप आणणारा विचारतो, "आता कोणत्या कंपनीचा घेऊ?" मी विचारतो, पाणी साठून पंप ज्यात बसतो तो खड्डा केवढा आहे? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं, आणि पंप का जळला ते बहुधा तिथेच दडलेलं असतं.

सुरुवात पाण्यापासून करा. पावसाचं पाणी आणि संडास-बाथरूमचं पाणी एका खड्ड्यात घेऊ नका. पावसाच्या पाण्याबरोबर वाळू येते, ती इंपेलर आणि सील घासून काढते. म्हणून त्या खड्ड्याआधी गाळ बसायला वेगळा चेंबर हवा आणि सील सिलिकॉन कार्बाइडचं हवं. सांडपाण्यात कापड आणि तेलकट थर येतो, तिथे मोठी वाट असलेला इंपेलर लागतो. चिंध्या फार येत असतील तर मी व्होर्टेक्स सुचवतो. त्यात इंपेलर एका बाजूला राहतो आणि पाण्याच्या भोवऱ्याबरोबर घाण निघून जाते. वीज थोडी जास्त खातो, पण महिन्यातून दोनदा पंप वर काढण्यापेक्षा ते परवडतं.

पाणी किती येणार, याचा हिशेब सोपा आहे. २०० चौरस मीटर फरशीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तासाला १०,००० लिटर पाणी जमतं. मातीच्या जागेत थोडं मुरतं, फरशीवर जवळजवळ सगळं वाहतं. पंप याहून थोडा मोठा धरा, समजा १२,००० लिटरचा.

आता खड्डा. पंप सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि प्रत्येक वेळी वाइंडिंग तापतं. एका तासात किती वेळा सुरू केलेलं चालेल ते पंपाच्या कागदावर दिलेलं असतं. ते १० आहे असं धरू. सगळ्यात जास्त चालू-बंद कधी होतं? येणारं पाणी पंपाच्या निम्मं असतं तेव्हा. म्हणून ताशी क्षमतेला चारने आणि मग त्या आकड्याने भागा. १२,००० ला ४० ने भागलं की ३०० लिटर. सुरू आणि बंद या दोन पातळ्यांमध्ये एवढं पाणी मावलंच पाहिजे. खड्डा एक मीटर बाय एक मीटर असेल तर त्या पातळ्यांत ३० सेंटिमीटरचं अंतर पडतं. ३ मिनिटांत भरेल, ३ मिनिटांत उपसेल. मी उघडलेल्या कितीतरी पंपांच्या खड्ड्यांत हे अंतर वीतभरसुद्धा नव्हतं.

हेड म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते. त्याबाबतीत एक गैरसमज फार महाग पडतो. "जास्त हेडचा घेऊन ठेवू, कमी पडायला नको." पाणी चढवायचं पाच मीटर आणि पंप वीस मीटरचा, असं झालं की समोर अडवणारं काही नसल्यामुळे तो भरमसाट पाणी फेकतो, करंट वाढतो आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त करंटला मोटर बंद करणारा रिले, पडायला लागतो. मग कुणीतरी ओव्हरलोडची सेटिंग वाढवून ठेवतो, आणि पंप माझ्याकडे येतो. बंद पातळीपासून पाणी सोडायच्या जागेपर्यंतची उभी उंची मोजा, त्यात पाइप, वळणं आणि व्हॉल्व्हचं घर्षण मिळवा. मग पंपाच्या वक्रावर, म्हणजे किती उंचीला किती पाणी देतो त्या कंपनीच्या आलेखावर, तो बिंदू मधल्या भागात येतो का ते बघा.

पाइपही उगाच मोठा नको. १२,००० लिटरला ६५ मिलिमीटरच्या पाइपात सेकंदाला साधारण १ मीटर वेग मिळतो. तेच पाणी १०० मिलिमीटरमधून नेलं तर वेग ०.४ वर येतो आणि घाण पाइपातच बसते. पंपाच्या तोंडापेक्षा लहान पाइप मात्र कधीच लावू नका. त्यावर आधी पाणी उलटं येऊ न देणारा बॉलचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, मग बंद करायचा व्हॉल्व्ह. दोन्ही हात पोचेल अशा जागी हवेत. बाहेरची गटार तुंबली की पाणी उलटं येतं, म्हणून पाइप बाहेरच्या रस्त्याच्या पातळीपेक्षा वर चढवून मगच खाली उतरवा.

नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या खाली पाइपाला बारीक छिद्र असलं तर ते बुजवू नका. पंपात अडकलेली हवा तिथून निघते. बुजवलं की पंप फिरतो, आवाज येतो, पाणी येत नाही. छिद्रातून उडणाऱ्या पाण्याला गळती समजून एम-सील लावलेलं मी अनेकदा पाहिलंय.

फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता स्विच, येणाऱ्या पाण्याच्या धारेपासून लांब बांधा, भिंतीला किंवा साखळीला अडकणार नाही असा. बंद करायचा, सुरू करायचा आणि त्यावर भोंग्याचा, असे किमान तीन हवेत. बंद पातळी कंपनीने सांगितलेल्या खुणेखाली नेऊ नका, कारण मोटरला थंड ठेवणारं तेच पाणी असतं. दोन पंप असतील तर आळीपाळीने चालवा, नाहीतर दुसरा गरजेच्या दिवशी जाम झालेला सापडतो.

थ्री फेज पंप खड्ड्यात सोडण्याआधी साखळीला लटकत ठेवून क्षणभर सुरू करा. तो इंपेलरच्या उलट दिशेला झटका घेतो, बॉडीवरचा बाण झटक्याचा आहे की इंपेलरच्या फिरण्याचा, ते पंपाच्या कागदावर बघून मग त्याच्याशी पडताळा. जुळत नसेल तर दोन फेज अदलाबदल करा. उलटा फिरणारा पंपसुद्धा थोडं पाणी देतो, त्यामुळे चूक महिनोनमहिने लक्षात येत नाही. पंप उचलायचा तो साखळीने, केबलने नाही. केबल ओढली की ग्लँड, म्हणजे केबल पंपात शिरते तिथलं पाणीबंद तोंड, सैल होतो. केबलचं उघडं टोकही पाण्यात पडू देऊ नका, पाणी तारांच्या आतून झिरपत मोटरपर्यंत जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अडकलेला पंप सोडवायला सांडपाण्याच्या खड्ड्यात उतरू नका. दोन मिनिटांसाठीही नाही. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास येईनासा झाला म्हणजे हवा साफ झाली, असं समजून माणसं उतरतात. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही. काडी पेटवूनही बघू नका, मिथेन असेल तर पेट घेईल. म्हणूनच मी प्रत्येकाला गाइड रेल (पंप सरकायचे उभे दांडे) आणि ऑटो कपलिंगवर (पंप आपोआप पाइपाला जुळतो तो जोड) पैसे घालायला सांगतो. त्यावर पंप वरूनच साखळीने निघतो आणि वरूनच परत बसतो.

पावसाळ्याआधी मेनस्विच बंद करून पंप वर काढा. इंपेलर साफ करा, तेल बघा, फ्लोटवरचा तेलकट थर पुसा. वाइंडिंग आणि अर्थ यांच्यात ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, माप घ्या. १ मेगाओहमच्या खाली आलं तर तो पंप परत सोडू नका. मग खड्ड्यात पाणी भरून फ्लोट स्वतः उठू द्या आणि तिसऱ्या फ्लोटवर भोंगा खरंच वाजतो का, ते उभं राहून ऐका.