कमी बजेटचा पीसी जोडताय? मग हार्ड डिस्क घेताना एवढं बघाच

घरी पीसी जोडायचा ठरला की सगळा जीव प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डात अडकतो, महिनाभर तेच बघणं चालू असतं, आणि हार्ड डिस्कचा नंबर लागतो सगळ्यात शेवटी, पैसे संपत आल्यावर. मग उरलेल्या पैशात जी मोठ्यातली मोठी बसेल ती उचलायची. मीही पहिल्या पीसीला हेच केलं होतं आणि चांगला प्रोसेसर असूनही पीसी चालू केला की पाच-पाच मिनिटं नुसतं बघत बसायला लागायचं. बजेट कमी असतं तेव्हाच हा पार्ट नीट निवडायला लागतो, कारण चुकलं तर लगेच दुसरी घेऊ असं आपल्याला म्हणता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की विंडोज किंवा लिनक्स जे काय टाकणार ते एसएसडीवरच, म्हणजे चिपांमध्ये डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हवरच जाणार. बजेट कितीही कमी असू दे. कॅबिनेट साधं घ्या, प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, रॅम नंतर वाढवा, पण फक्त हार्ड डिस्कवर पीसी चालवायचा विचार आता सोडून द्या. कारण असं की हार्ड डिस्कच्या आत तबकड्या फिरत असतात, ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्या) असेल तर एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदात होते, म्हणजे हवा तो डेटा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धी फेरी, चार मिलिसेकंदाच्या थोडं वर, आणि त्याआधी हेडला त्या ट्रॅकवर सरकायला अजून ८-१० मिलिसेकंद लागतात ते वेगळेच. सगळं मिळून एका छोट्या तुकड्याला १२-१४ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७०-८० तुकडे. विंडोज चालू होताना अशा हजारो छोट्या फाइल इकडच्या तिकडच्या वाचतं, ब्राउझरही तेच करतो, अँटीव्हायरसही तेच करतो, आणि सगळे एकाच हेडला एकाच वेळी ओढत असतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर होतं. म्हणून बॉक्सवरच्या स्पीडवर जाऊ नका. तिथे हार्ड डिस्क सेकंदाला १५०-२०० एमबी आणि साटा, म्हणजे हार्ड डिस्क जोडतात त्याच पद्धतीची, एसएसडी ५५० एमबी असं बघून तिप्पटच तर आहे असं वाटतं, पण ते आकडे एक मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत, रोजच्या वापरात फरक त्याच्या कितीतरी पट पडतो.

आता एसएसडी कुठली. दोन प्रकार समोर येतील, साटा आणि एनव्हीएमई. साटा ५५० एमबीच्या आसपास अडकते कारण पोर्टचीच मर्यादा तेवढी आहे, एनव्हीएमई मात्र पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड वापरतं त्याच जलद मार्गावर चालते आणि त्याच्या ३.० पिढीत साडेतीन हजार एमबीपर्यंत आणि ४.० मध्ये सात हजारच्या आसपास जाते. हे आकडे ऐकून हरखून जाऊ नका, पीसी चालू होणं, गेम लोड होणं, ऑफिसचं काम यात साटा आणि एनव्हीएमईचा फरक हार्ड डिस्क आणि एसएसडीतल्या फरकापुढे काहीच नाही. पण आजकाल दोन्हींची किंमत जवळजवळ असते, आणि एनव्हीएमई थेट मदरबोर्डवर बसते, ना पॉवरची वायर ना डेटाची, त्यामुळे बोर्डवर जागा असेल तर तीच घ्या. ४.० ची ड्राइव्ह ३.० च्या स्लॉटमध्ये चालते, फक्त स्लॉटच्या वेगाने. ५.० च्या नादी बजेट पीसीत लागायचं कारणच नाही.

इथे एक गोची आहे ती नीट समजून घ्या, कारण माझा एक मित्र यात फसला. एम डॉट टू हे फक्त आकाराचं नाव आहे, त्या पट्टीसारख्या आकारात साटावालीपण एसएसडी मिळते आणि एनव्हीएमईवालीपण. त्याने स्वस्त दिसली म्हणून साटावाली आणली आणि त्याच्या बोर्डचा स्लॉट फक्त एनव्हीएमई घेणारा होता, पट्टी व्यवस्थित बसली, स्क्रूपण लागला, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, काहीच दिसेना. दोन दिवस बोर्ड खराब आहे असं समजून गेले. बघून ओळखायचं तर बहुतेक साटावाल्या पट्टीच्या पिनांमध्ये दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईवालीत एक, पण खाचांवर विसंबू नका, बोर्डचं मॅन्युअल डाउनलोड करून त्या स्लॉटबद्दल काय लिहिलंय ते वाचा. वाचताना आणखी एक बघा, बऱ्याच बोर्डांवर एम डॉट टूचा स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, कुठले ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, नाहीतर नंतर हार्ड डिस्क बंद पोर्टला जोडून तुम्ही वायरी बदलत बसणार. लांबीपण बघा, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, हाच आकार सगळीकडे चालतो. बोर्ड जुना सेकंडहँड असेल तर त्याचं बायोस एनव्हीएमईवरून बूट करतं का, म्हणजे पीसी चालू करतं का, हे आधी तपासा, नसेल करत तर सरळ साटा एसएसडी घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

साइजबद्दल. विंडोज ११ ची कागदावरची किमान गरज ६४ जीबी आहे, पण तेवढ्यात अपडेट यायला लागले की श्वास घ्यायला जागा उरत नाही. २५६ जीबी ही माझ्या मते खालची मर्यादा, ५०० जीबी मिळत असेल तर तीच, कारण आता एकेक मोठा गेमच १०० जीबीच्या पुढे जातो. शिवाय एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते. स्वस्त ड्राइव्ह मोकळ्या जागेचाच काही भाग जलद कॅश, म्हणजे तात्पुरती साठवण म्हणून वापरते आणि जागा संपली की ती कॅशही आक्रसते, म्हणून १५-२० टक्के जागा कायम मोकळी राहील असा हिशोब धरूनच साइज ठरवा.

सेलचा, म्हणजे एसएसडीत डेटा ठेवणाऱ्या कप्प्याचा, प्रकारपण बघा. टीएलसी म्हणजे एका सेलमध्ये तीन बिट, क्यूएलसी म्हणजे चार. चार बिट ठेवायला सेलला १६ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात, तीनला ८ पुरतात, त्यामुळे क्यूएलसी स्वस्त पडते पण लिहायला हळू आणि लवकर झिजणारी. सिस्टीम ड्राइव्हसाठी टीएलसी शोधा. डीरॅम, म्हणजे कुठला डेटा कुठे आहे याची यादी ठेवणारी ड्राइव्हची स्वतःची मेमरी, नसलेली एनव्हीएमई चालेल, ती पीसीच्या रॅममधला थोडासा तुकडा वापरून काम भागवते, पण साटामध्ये ती सोय नाही, म्हणून साटा घेत असाल तर डीरॅमवाली मिळाली तर बरं. आणि एसएसडी झिजून जाईल ही भीती घरच्या वापरात मनातून काढून टाका. स्पेसिफिकेशनमध्ये टीबीडब्ल्यू असा आकडा असतो, म्हणजे किती टेराबाइट लिहीपर्यंत वॉरंटी आहे. समजा १८० आहे आणि तुम्ही रोज ३० जीबी लिहिता, जे तसं भरपूर झालं, तर वर्षाला ११ टेराबाइट, म्हणजे १६ वर्षं. तोवर पीसीच बदललेला असेल.

आता प्रश्न असा की मग हार्ड डिस्क हवी कशाला. खूप जणांना ती नकोच असते, खरंच सांगतो. सगळा डेटा मिळून ५००-६०० जीबीच्या आत असेल तर एकच १ टीबीची एसएसडी घ्या आणि विषय संपवा. पण घरातले फोटो, शूटिंगचे व्हिडिओ, रेकॉर्डिंग, बॅकअप असं साठत जाणारं सामान असेल तर तिथे हार्ड डिस्कला अजून तोड नाही, प्रत्येक टेराबाइटमागे ती बरीच स्वस्त पडते. त्यातही सगळ्यात छोटी घेऊ नका, कारण मोटर, हेड, सर्किट बोर्ड याचा खर्च छोट्या ड्राइव्हलाही जवळपास तेवढाच येतो, म्हणून ५०० जीबीची डिस्क किमतीला कधीच परवडत नाही. किंमत भागिले टेराबाइट असा हिशोब वहीवर मांडा, कुठे फायदा आहे ते लगेच दिसेल. आणि १ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली तर घाबरू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, बाकी काही गायब झालेलं नसतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. मी २ टीबीची नवीकोरी हार्ड डिस्क घेतली आणि जुने फोटो-व्हिडिओ कॉपी करायला लावले, सुरुवातीला १६०-१७० एमबीचा स्पीड, मस्त वाटलं, थोड्या वेळाने बघतो तर १५-२० एमबी, मध्येच शून्य, परत थोडं चालणार, परत थांबणार. केबल बदलली, पोर्ट बदलला, विंडोज पुन्हा टाकलं, काही उपयोग नाही. शेवटी मॉडेल नंबर शोधला तेव्हा कळलं की ड्राइव्ह एसएमआर आहे आणि ती अशीच चालते. एसएमआरमध्ये जास्त डेटा मावावा म्हणून ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली सगळी उचलून परत बसवावी लागतात, तसंच इथे एक ट्रॅक बदलायला पुढचा आख्खा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. ड्राइव्ह आधी सगळं एका वेगळ्या जागेत घेऊन ठेवते आणि निवांत वेळी जागच्या जागी लावते, पण ती जागा भरली की तुमच्यासमोरच लावायला घेते आणि स्पीड कोसळतो. दुसरा प्रकार सीएमआर, त्यात ट्रॅक शेजारी शेजारी सुटे असतात, तिथे ही भानगड नाही.

वाईट वाटतं ते याचं की बॉक्सवर हे लिहिलेलं नसतं. २०२० मध्ये यावरून बराच गदारोळ झाला, नासमध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडून ठेवायच्या स्टोरेजच्या डब्यात वापरायच्या ड्राइव्हमध्येही न सांगता एसएमआर घातल्याचं लोकांनी शोधून काढलं, तेव्हा कुठे वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा तिघांनी कुठल्या मॉडेलमध्ये काय आहे याच्या याद्या जाहीर केल्या. त्यामुळे आता शोधता येतं, पण शोधावं तुम्हालाच लागतं. ड्राइव्हच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, नुसतं ब्लू किंवा बाराकुडा एवढं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाखाली एका साइजची सीएमआर आणि दुसऱ्या साइजची एसएमआर असते. छोट्या ड्राइव्हवर २५६ एमबी कॅश दिसली तर शंका घ्या, तो पक्का पुरावा नाही पण तपासायला लावणारी खूण नक्की आहे. फक्त एकदा भरून ठेवायचं आणि नंतर वाचायचं असं काम असेल तर एसएमआर चालते, स्वस्त मिळत असेल तर घ्यापण. रोज लिहिणं-पुसणं, गेम, व्हिडिओ एडिटिंग, रेड (अनेक ड्राइव्ह जोडून एकीसारख्या वापरणं) असलं काही असेल तर सीएमआरच.

आरपीएमवर फार डोकं लावू नका, एसएसडी असताना हार्ड डिस्क ५४०० ची असली तरी काही बिघडत नाही, उलट आवाज आणि गरमी कमी. कंपनी कुठली यावरही भांडण्यात अर्थ नाही, हार्ड डिस्क बनवणाऱ्या आता वर सांगितलेल्या तीनच उरल्यात, आणि तिघांच्याही ड्राइव्ह मरतात. वॉरंटी किती वर्षांची आणि ती तुमच्या देशात मिळते का, हे जास्त कामाचं.

सेकंडहँड एसएसडी एक वेळ चालेल, सेकंडहँड हार्ड डिस्क शक्यतो नको. घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी पीसीला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघा. पॉवर ऑन अवर्स किती ते बघा, वर्षाचे तास ८७६०, त्यावरून किती चाललीय ते कळतं. रिअॅलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल हे खराब जागांचे आकडे, या तिघांच्या रॉ व्हॅल्यूत शून्य सोडून काहीही दिसलं तर सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. आणि तास कमी दिसले म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, हे आकडे पुसता येतात, २०२५ च्या सुरुवातीला वापरून झालेल्या सीगेटच्या ड्राइव्ह आकडे पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं होतं. स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच ड्राइव्ह सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून काढलेल्या असतात, रात्रंदिवस चाललेल्या, ते लक्षात ठेवा.

जोडताना दोन गोष्टी सांभाळा. एसएमपीएसला (पीसीच्या पॉवर सप्लायला) साटा पॉवरची वायर असेल तर तीच वापरा. मोलेक्सवरून, म्हणजे जुन्या चार पिनांच्या पॉवर वायरवरून, साटा करणारे स्वस्त कनव्हर्टर, विशेषतः ज्याचं टोक प्लास्टिक ओतून बंद केलेलं असतं, आत शॉर्ट होऊन जळतात आणि सोबत ड्राइव्हही नेतात. दुसरं, साडेतीन इंचाची ड्राइव्ह कॅबिनेटमध्ये चारही स्क्रूंनी घट्ट बसवा, लोंबकळत ठेवू नका आणि चालू असताना कॅबिनेट हलवू नका.

बॅकअपचं एवढंच सांगतो की एसएसडी मरते तेव्हा बहुतेकदा आधी काहीच कळवत नाही आणि तिच्यातून डेटा काढणं हार्ड डिस्कपेक्षा अवघड जातं. त्यामुळे ज्या फाइल परत मिळणार नाहीत त्या हार्ड डिस्कवरही ठेवा आणि पीसीच्या बाहेर अजून एका ठिकाणी. बजेटमध्ये बसत नसेल तर हार्ड डिस्क एक साइज छोटी घ्या पण एक बाहेरची ड्राइव्ह घ्याच.

विंडोज टाकताना फक्त एसएसडी जोडलेली ठेवा, हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही असल्या की इन्स्टॉलर कधीकधी बूटचं पार्टिशन हार्ड डिस्कवर टाकतो आणि पुढे कधी ती काढली तर पीसी चालूच होत नाही. इन्स्टॉल झालं की पीसी बंद करून हार्ड डिस्क जोडा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशनची जीपीटी पद्धत निवडा, कारण जुनी एमबीआर पद्धत २ टीबीच्या पुढची जागा वापरू देत नाही. मग क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून दोन्ही ड्राइव्हचे आकडे पहिल्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत हार्ड डिस्क एकदा पूर्ण भरून बघा, खराब निघायची असेल तर ती बऱ्याचदा तेव्हाच निघते.