पिल्लू घरी रुळवताना : पहिले पंधरा दिवस

दिवाळी आटोपून कापसाची वेचणी जोरात आली की विदर्भातल्या गावांमध्ये कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. गावठी कुत्र्या बहुधा पावसाळा सरल्यावर पिल्ले देतात, आणि रानडुकरांच्या त्रासाने जागलीला सोबत हवी असल्यामुळे याच दिवसांत ती घरोघरी नेली जातात. नेमका हाच थंडीचा काळ असतो. आपले खेड्यातले घर मोठे व मोकळे असते : अंगण, परसू, कोठा (गुरांचा गोठा), शेजारची दारे, सगळे उघडे. माणसाला त्याचे कौतुक वाटते. आईपासून नुकत्याच तुटलेल्या पिल्लाला मात्र एवढ्या जागेची भीतीच वाटते. म्हणून पहिल्या पंधरवड्यात पिल्लाचे जग मुद्दाम लहान ठेवावे आणि ते बेताबेताने वाढवावे.

आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू आईपासून तोडू नये. लवकर तोडलेली पिल्ले पुढे जास्त भित्री व चावरी निघतात, कारण किती जोरात चावले की दुखते हे ती भावंडांशी खेळतानाच शिकतात. आणायला जाताना एक जुने फडके आधी दोन-तीन दिवस आईच्या जागी टाकून ठेवावे आणि पिल्लासोबत घरी आणावे. आणण्याची वेळ सकाळची असावी, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी त्याला घराचा वास ओळखीचा होतो.

जागा छपरीतल्या किंवा माजघरातल्या एखाद्या कोपऱ्यात करावी. वारा लागू नये म्हणून खाली बारदाना, त्यावर कोरडे तणस किंवा जुनी गोधडी, आणि तीन बाजूंनी आडोसा एवढे पुरे. कोठ्यात एकटे ठेवू नये. बैलाची एक लाथ लहान पिल्लाला पुरते. आल्या दिवशी सगळ्या आळीतील मुले पाहायला येतात आणि पिल्लू या हातातून त्या हातात फिरते. आमच्या घरी एकदा असेच झाले, आणि ते पिल्लू पुढचे दोन दिवस खाटेखालून बाहेर आले नाही. तेव्हापासून पहिले तीन दिवस घरच्यांखेरीज कोणाच्या हाती पिल्लू द्यायचे नाही, असा नियमच आम्ही केला. मुलांना दोन्ही हातांनी, मागचा भाग आधार देऊन उचलायला शिकवावे, आणि ते झोपलेले किंवा खात असताना हात लावू देऊ नये. या वयात ते दिवसाचे अठरा-वीस तास झोपते. तो आळस नसून त्याची वाढ असते.

पहिल्या रात्री पिल्लू रडते. त्याला बाहेर ओट्यावर बांधून ‘सवय होईल’ म्हणणे चुकीचे आहे, कारण ते थंडीने आणि एकटेपणाने रडत असते. तीन-चार रात्री ते आपल्या अंथरुणाजवळ ठेवावे, आईच्या वासाचे फडके सोबत द्यावे, आणि थंडी फार असेल तर कोमट पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून बाजूला ठेवावी. रात्रीतून एकदा उठून बाहेर न्यावे. पुढे अंथरूण रोज थोडे दूर सरकवीत त्याला त्याच्या कोपऱ्यात पोहोचवावे.

शी-शूची सवय लावणे कठीण नाही, मात्र त्यासाठी मागे लागावे लागते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, दर वेळी परसातल्या त्याच एका जागी न्यावे आणि काम होताच तिथल्या तिथे शाबासकी द्यावी. घरात चूक झाली तर त्याचे नाक त्यात घासू नये. त्यातून ते एवढेच शिकते की माणसासमोर शी करायची नाही. सारवलेल्या जमिनीत वास मुरतो व पिल्लू पुन्हा तिथेच जाते, म्हणून तेवढा भाग खरवडून नव्याने सारवावा. फिनाईल टाळावे, कारण पिल्लू जमीन चाटते.

खाणे दिवसातून चार वेळा, थोडे थोडे द्यावे. आधीच्या घरी जे खात होते तेच पहिले काही दिवस चालू ठेवून नवे अन्न हळूहळू मिसळावे, नाहीतर पोट बिघडते. म्हशीचे घट्ट दूध अनेक पिल्लांना पचत नाही. मऊ भात, उकडलेले अंडे, मीठ-मसाल्याविना शिजवलेली हाडाविना कोंबडी चालते. तर्रीचा रस्सा, कांदा आणि लसूण यांपासून दूर ठेवावे. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. नुसत्या दूध-पोळीवर वाढलेल्या पिल्लाचे पाय वाकण्याची भीती असते. पाण्याचे परळ सदैव भरलेले असावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या आठवड्यातच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून जंतनाशक व लसीचे वेळापत्रक घ्यावे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे होईपर्यंत, आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. तोवर गावातल्या कुत्र्यांत व उकिरड्यावर सोडू नये. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून ज्या अंगणात पूर्वी एखादे पिल्लू रक्ताळ हगवणीने गेले, तिथे लस न झालेले पिल्लू आणूच नये. उलट्या व रक्ताळ शौच दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी संपर्क करता येतो. मेळघाट व ताडोबाच्या वाघांच्या जंगलांलगतच्या गावांनी लसीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण कुत्र्यांचे काही रोग रानातल्या जनावरांनाही लागतात. गीरमध्ये 2018 साली अनेक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात कुत्र्यांतील डिस्टेंपर या साथीच्या रोगाचा विषाणू आढळला होता.

दात लागले किंवा ओरखडा आला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन आरोग्य केंद्रात दाखवावे. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसेलच असे नाही.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक धोका असतो. फवारणीचे रिकामे डबे, औषध लावलेले बियाणे आणि उंदरांसाठी कणकेत मिसळलेले झिंक फॉस्फाइड पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नये. गोचिडांसाठी रॉकेल किंवा जनावरांवर फवारायचे औषध अंदाजाने लावू नये; पिल्लासाठी चालणारे औषध पशुवैद्यकालाच विचारावे.

पंधरा दिवसांनी नावाने हाक मारल्यावर ते धावत येऊ लागले, की परसातून अंगणात आणि अंगणातून कोठ्यापर्यंत मोकळीक द्यावी. बकऱ्या, कोंबड्या, भजनाचा आवाज, ट्रॅक्टर हे सर्व कडेवर घेऊन लांबून दाखवावे, कारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे ओळखीचे होते त्याची भीती पुढे कमी राहते. शेतावर मात्र लसी पूर्ण झाल्यावर, दिवसा आणि दोरीनेच न्यावे. बिबट्याचा वावर असलेल्या भागात मचाणाखाली बांधून ठेवण्याची चूक करू नये, रात्र त्याने घरातच काढावी.