शोधनिबंधाची तयारी: आधी पान नंबर, मग बाकी सगळं

वही, पेन, लॅपटॉप, चार्जर, लायब्ररीचं कार्ड. हे तुम्ही घ्यालच, त्यावर शब्द घालवत नाही. विसराल तो पान नंबर. मागच्या खेपेला माझ्याकडूनही नेमका तोच विसरला गेला होता, म्हणून ही यादी.

आधी विषय. 'मराठी वृत्तपत्रे आणि प्लेग' हा विषय नव्हे, पसारा आहे. एम.ए.च्या दहा-बारा पानी निबंधाला '1 मार्च ते 22 जून 1897 या काळात केसरीत पुण्यातल्या घरतपासणीबद्दल काय छापून आलं' एवढं भरपूर झालं. केसरी तेव्हा साप्ताहिक होता, मंगळवारी निघायचा, म्हणजे सतरा अंक. सतरा अंक माणूस खरोखर वाचू शकतो. किती वाचायचं ते मोजता येत नसेल तर तो विषय घेऊन सरांकडे जाऊच नका. शेवटची तारीख तीच का, हेही विचारतील. 22 जूनच्या रात्री पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्यानंतर खून, धरपकड आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला सुरू होतो, तो वेगळा निबंध. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, आधी कोणी यावर प्रबंध केलाय का, तेवढं बघून घ्या.

आता लायब्ररी. टिपण घेताना वाक्य लिहिण्याआधी पान नंबर लिहा. नंतर नाही, आधी. ओळीच्या सुरुवातीला लेखकाचं आडनाव, वर्ष, पान, मग मजकूर. वर्तमानपत्र असेल तर तारीख, पान, रकाना. 'जून 1897' असं मोघम चालत नाही. 15 जूनच्या अंकातला शिवाजी उत्सवाचा मजकूर पुढे खटल्यात पुरावा म्हणून आला होता. आठवडा चुकला की तुमचा मुद्दाच उलटा होऊ शकतो. 'नंतर बघून लिहू' म्हणाल, पण नंतर ते पुस्तक दुसऱ्याच्या नावावर गेलेलं असतं किंवा संदर्भ विभाग पाचला बंद झालेला असतो. चारशे पानांत एक वाक्य हुडकायला अख्खी दुपार जाते, आणि सापडेलच असं नाही.

मोबाईलवर फोटो काढत असाल तर पहिला फोटो मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा, दुसरा त्याच्या मागच्या बाजूचा, जिथे प्रकाशक, वर्ष आणि आवृत्ती असते. मग मजकूर. फ्रेममध्ये पानाचा आकडा आलाच पाहिजे. तो बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यात असतो आणि तिथेच आपला अंगठा असतो. अंकाचा फोटो काढण्याआधी तारखेची पट्टी टिपा, नाहीतर घरी चाळीस रकाने उरतात आणि कुठला कोणत्या मंगळवारचा ते देव जाणे.

पीडीएफचा वेगळाच घोळ. स्क्रीनवर 57 दिसतं, छापील पान असतं 41, कारण प्रस्तावनेची सोळा पानं फाइलने आधी मोजलेली असतात. लिहायचं ते छापील पान. आवृत्तीही हवीच: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा वेगळा आणि 1857 चा वाढवलेला वेगळा, पानं जुळणार नाहीत. जुन्या मराठी पुस्तकावर फक्त शके असेल तर 78 मिळवा. पुस्तक जानेवारी ते गुढीपाडवा या दरम्यानचं असेल तर 79. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'सारख्या पत्रसंग्रहात पानाबरोबर खंड आणि लेखांक, म्हणजे पत्राचा क्रमांकही द्या.

टिपणात जे जसंच्या तसं उतरवलंय त्याला तिथल्या तिथे अवतरणचिन्ह लावा. स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्यापुढे 'माझे' असं लिहा. दोन महिन्यांनी दोन्ही सारखंच दिसतं, आणि मग दुसऱ्याचा परिच्छेद तुमचा म्हणून निबंधात जातो. हेतू नव्हता, हे कोणी ऐकत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांना दुरुस्त करून पुन्हा द्यायला लागतं, त्यापुढे वर्षभराची बंदी, आणि 60 च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर यातून वगळला जातो, पण श्रेय देणार कशाच्या जोरावर? पान नंबर!

टायपिंग पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात लिहून शेवटी रूपांतर केलंत तर रफार आणि जोडाक्षरं विस्कटतात, आणि संदर्भसूची अकारविल्हे लावताना संगणक काहीच्या काही क्रम देतो. संदर्भ साठवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, वापरा. मराठी नावं मात्र आडनाव आधी अशी हातानेच तपासा. तळटीप की कंसातला संदर्भ, एपीए की एमएलए, हे विभागाला पहिल्याच आठवड्यात विचारा. शेवटी बदलायला गेलात तर प्रत्येक टीप पुन्हा उघडावी लागते, आणि तेव्हा कळतं की निम्म्या टिपांत पान नंबरच नाही.

लेखन: प्रस्तावना शेवटी लिहा. आधी मधले भाग. एका परिच्छेदात एक मुद्दा, एक पुरावा. 'असे म्हटले जाते' खोडा, कोण म्हणतं ते लिहा. सारांश दीडशे-दोनशे शब्द, त्यात निष्कर्ष हवा, नुसता विषय नको.

सरांना मसुदा मुदतीआधी दोन आठवडे. एक दिवस आधी नाही.

साम्य-तपासणीचा अहवाल घ्या, नुसती टक्केवारी बघू नका, रंगवलेल्या ओळी वाचा. प्रसिद्धीला पाठवणार असाल तर यूजीसीची केअर यादी (मान्य नियतकालिकांची) फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झालीय, त्या नावावर कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक, आहे म्हणजे नियतकालिक चांगलं, असंही नाही.

प्रिंट, सही, बॅकअप दोन ठिकाणी. बाईंडिंगला देण्याआधी एकदा सगळ्या टिपांवरून बोट फिरवा: पान आहे? पान आहे? पान आहे?