थोड्या बचतीत पहिला प्लॉट घेताना

कापसाचा चुकारा हातात आला की तालुक्याच्या गावाजवळ एखादा प्लॉट घेऊन ठेवावा, असा विचार विदर्भातील अनेक घरांत होतो. मात्र बियाणे-खतांचा खर्च, पीककर्जाची परतफेड आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून जे उरेल, तेवढेच जमिनीत घालावे, कारण अडीनडीला प्लॉट आठवडाभरात विकला जात नाही. उरलेली रक्कम फारच थोडी असेल, तर शेअर ठेवण्याच्या डीमॅट खात्यातून काही शे रुपयांना मिळणारे रीटचे (भाड्याने दिलेल्या इमारतींत अनेकांचे पैसे गुंतवणाऱ्या न्यासाचे) युनिट घेता येते. भारतात पहिले रीट 2019 मध्ये बाजारात आले.

शेतजमीन घ्यायची असल्यास साधारणपणे खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो. यासाठी विदर्भाला 1958 चा स्वतंत्र कुळकायदा (कूळ व शेतजमिनीचा कायदा) आहे. इतरांनी अकृषक (बिगरशेती) परवानगी असलेल्या मंजूर लेआउटमधील प्लॉटच पाहावा. शेतातले दोन-तीन गुंठे नोटरी करून देणारे गावोगाव भेटतात, परंतु नोटरीने मालकी मिळत नाही आणि शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यास मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे असा तुकडा नावावर चढताना अडकू शकतो.

सौदा ठरण्यापूर्वी सातबारा काढून ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचावा. बँकेचा बोजा तेथेच दिसतो. भोगवटादार वर्ग-2 (शासनाच्या अटींवर धारण केलेली जमीन) लिहिले असल्यास किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असल्यास, शासनाच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नये. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. वकिलाकडून जमिनीच्या मागील मालकीचा व बोजांचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. त्यात काटकसर करू नये.

प्लॉट उन्हाळ्यात पाहून भुलू नये. श्रावणात पुन्हा जावे, म्हणजे पांदण रस्त्यावरून दुचाकी जाते का आणि पाणी कोठे साचते, हे कळते. आपली काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते, त्यामुळे पाया खोल घ्यावा लागतो आणि बांधकामाचा खर्च वाढतो. विक्रेता हे आपण होऊन सांगत नाही.

इसाराची रक्कम बँकेतूनच द्यावी आणि इसारपत्रात खरेदीची शेवटची तारीख लिहून घ्यावी. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत व शासकीय बाजारमूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर लागते, म्हणून तेवढे पैसे आधीच वेगळे ठेवावेत. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदल्यावर फेरफार (मालकी बदलाची नोंद) मंजूर होऊन आपले नाव चढलेला उतारा हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये, आणि त्याच सुमारास मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत.