वरिष्ठ श्रेणी, निवड श्रेणी: आपली पात्रता आपणच कशी तपासावी

जूनमध्ये शाळा उघडली की आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास विचारतं, "सर, माझी बारा वर्षं भरली का हो?" मी उलट विचारतो, "सेवापुस्तक शेवटचं कधी पाहिलंत?" बहुतेकांनी ते नेमणुकीच्या वेळी सही करताना पाहिलेलं असतं, त्यानंतर नाही. बारा वर्षांच्या सेवेनंतर शिक्षकाला मिळणाऱ्या वरिष्ठ वेतनश्रेणीचे प्रस्ताव रेंगाळतात त्याचं मूळ मला इथेच दिसतं. नाशिकमध्ये शिकवताना स्वतःचा आणि सहकाऱ्यांचे बरेच प्रस्ताव हाताखालून गेले. तेव्हा जे कळलं ते क्रमाने सांगतो.

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. शिक्षकाला बढतीच्या जागा फार थोड्या. मुख्याध्यापक एक, पर्यवेक्षक एक-दोन, बाकी सगळे ज्या पदावर लागले त्याच पदावर निवृत्त होतात. म्हणून शिक्षकांसाठी नेमलेल्या चट्टोपाध्याय आयोगाच्या शिफारशींवरून महाराष्ट्रात २ सप्टेंबर १९८९ च्या शासन निर्णयाने त्रिस्तरीय वेतनश्रेणी आली: मूळ श्रेणी, १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी. जुने शिक्षक अजूनही "मला चट्टोपाध्याय लागला" असंच म्हणतात. केवळ वर्षं भरली म्हणून मात्र ही श्रेणी मिळत नाही. सेवा, अर्हता, प्रशिक्षण आणि समाधानकारक काम अशा चारही बाजू भरलेल्या लागतात.

पहिलं काम: सेवापुस्तक मागून घ्या

मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, कार्यालयातल्या भाऊसाहेबांकडून पुस्तक घ्या आणि तिथेच बसून पहिल्या पानापासून वाचा. सोबत एक वही ठेवा. नियुक्तीचा दिनांक, शिक्षणाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक मान्यतेचा (म्हणजे तुमच्या नेमणुकीला मिळालेल्या मंजुरीचा) क्रमांक आणि दिनांक, शिक्षणसेवक म्हणून (सुरुवातीला मानधनावर) लागला असाल तर त्या काळाची मान्यता आणि नंतरची नियमित मान्यता, हे सगळं स्वतःच्या हाताने उतरवून घ्या. दर वर्षीच्या सेवापडताळणीच्या नोंदीखाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का आहे का, तेही पाहा.

माझ्याच पुस्तकात काय निघालं ते सांगतो. सातव्या वर्षीची वेतनवाढ निळ्या शाईत व्यवस्थित लिहिलेली, पण खाली सहीची जागा कोरी. तेव्हाचे मुख्याध्यापक मधल्या काळात निवृत्त झालेले. त्याच पानावर समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "रजा १९ दिवस, प्रमाणपत्र बघणे." ते प्रमाणपत्र मी दिलं होतं, पण फाइलला लागलंच नव्हतं. घरातल्या जुन्या कागदांत त्याची झेरॉक्स सापडली म्हणून बरं. नाहीतर ते १९ दिवस माझ्या सेवेतून गेले असते.

तारीख काढा

पात्रता म्हणजे शेवटी एक तारीख, आणि ती तोंडी अंदाजाने निघत नाही. तुमची सेवा १५ जून २०११ पासून धरली गेली आहे असं समजा. १४ जून २०२३ ला बारा वर्षं पूर्ण होतात, म्हणजे देय दिनांक १५ जून २०२३. आता मध्ये कधीतरी वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय ४० दिवसांची बिनपगारी रजा घेतलेली असेल, तर ते दिवस वजा होऊन देय दिनांक २५ जुलैवर जातो. वार्षिक वेतनवाढीची तारीख १ जुलै आहे. म्हणजे जी तारीख तिच्या अलीकडे होती ती पलीकडे गेली, आणि वेतननिश्चितीचं, म्हणजे नव्या श्रेणीत मूळ पगार ठरवण्याचं, गणित बदललं. चाळीस दिवसांचा परिणाम चाळीस दिवसांच्या पगाराएवढाच असतो असं कुणी समजू नये.

सेवा कोणती धरली जाते? अर्हताकारी सेवा, म्हणजे पदाला लागणारी शैक्षणिक आणि व्यावसायिक अर्हता अंगी असताना, मान्यता घेऊन केलेली. बी.एड. होण्याआधी अप्रशिक्षित म्हणून शिकवलेली वर्षं या हिशेबात येत नाहीत. शाळा बदलली असेल, एका संस्थेतून दुसरीत गेला असाल, समायोजन झालं असेल, तर दोन्हीकडचे मान्यता आदेश आणि कार्यमुक्तीचा व रुजू झाल्याचा अहवाल लागतो. मधला एक दिवसही कागदावर मोकळा राहिला तर प्रस्ताव त्रुटी लावून परत येतो.

टीईटीचा प्रश्न आताच बघा

राज्यात १३ फेब्रुवारी २०१३ पासून पहिली ते आठवीच्या शिक्षक नियुक्तीला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, अनिवार्य झाली. त्यानंतर लागलेले शिक्षक २०२५ पासून बारा वर्षं पूर्ण करू लागले आहेत. त्यांच्या फाइलमध्ये टीईटीचं किंवा सीटीईटीचं (केंद्राच्या टीईटीचं) प्रमाणपत्र पुढेच असायला हवं, कारण त्यांची वैयक्तिक मान्यताच त्यावर उभी आहे.

त्याआधी लागलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितलं. ज्यांना पाच वर्षांहून कमी उरली, ते टीईटीविना सेवा पूर्ण करू शकतात, मात्र पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही ती लागेल. वरिष्ठ श्रेणी ही वेगळी गोष्ट आहे, पण नोकरीच टिकवायची तर या परीक्षेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. दीडशे गुणांपैकी खुल्या वर्गाला ९० लागतात. पन्नाशीला आलेल्या, आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईंना बालमानसशास्त्राचं पुस्तक घेऊन बसावं लागतं हे मला मनापासून खटकतं. तरी माझं सांगणं एकच, फॉर्म भरा.

प्रशिक्षण

वर्षं भरली, अर्हता आहे, तरी सेवांतर्गत प्रशिक्षणाशिवाय श्रेणी मंजूर होत नाही. २० जुलै २०२१ च्या शासन निर्णयाने हे प्रशिक्षण पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे सोपवलं. २०२२ मध्ये ते ऑनलाइन झालं आणि जून २०२५ मध्ये प्रत्यक्ष वर्ग भरले. परिषद नोंदणीची मुदत जाहीर करते आणि ती फार लांब नसते. ते परिपत्रक शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येईल याची वाट पाहू नका. परिषदेचं संकेतस्थळ स्वतः उघडून पाहत जा, जिल्ह्यातल्या डाएटकडेही (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे) चौकशी करत राहा.

नोंदणीत शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) आयडी, शाळेचा यूडायस क्रमांक, मोबाइल आणि ईमेल लागतो. ईमेल स्वतःचा द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. गट चार आहेत: प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक आणि अध्यापक विद्यालय. इथे चुका फार होतात. पाचवी ते दहावीच्या शाळेत पाचवी-सहावीला शिकवणारे गोंधळतात आणि अंदाजाने गट निवडतात. तुमची मान्यता ज्या पदावर आहे, ते पद पाहून गट ठरवा. तसंच वरिष्ठसाठी नोंदणी करताय की निवडसाठी, हे दोनदा तपासा, कारण दोन्हींची प्रमाणपत्रं वेगळी असतात. नाव सेवापुस्तकात जसं आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी राजपत्रातली नोंद आणि सेवापुस्तकातली नोंद आधी जुळवून घ्यावी. एका सहकारी बाईंचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आलं आणि सेवापुस्तकात सासरचं. तेवढ्यावरून त्यांची फाइल दोनदा परत आली.

एक जुना गैरसमजही दूर करतो. २३ ऑक्टोबर २०१७ च्या निर्णयाने शाळा प्रगत असावी, शाळासिद्धी या शाळांच्या मूल्यमापनात 'अ' श्रेणी असावी अशा अटी घातल्या होत्या. शाळेच्या निकालावरून एकट्या शिक्षकाची श्रेणी अडवणं अन्यायाचं होतं, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर शिकवणाऱ्यांसाठी तर फारच. २०१९ मध्ये त्या अटी मागे घेतल्या गेल्या. आजही कुणी त्या पुढे केल्या तर नम्रपणे २६ ऑगस्ट २०१९ चा शासन निर्णय दाखवा.

निवड श्रेणी: इथे जास्त तयारी लागते

वरिष्ठ श्रेणीत बारा वर्षं काढल्यावर निवड श्रेणीचा विचार होतो. इथे दोन गोष्टी वाढतात.

पहिली, अर्हता वाढवलेली असावी लागते. डी.एड. झालेल्या प्राथमिक शिक्षकाने पदवी आणि माध्यमिकच्या पदवीधर शिक्षकाने पदव्युत्तर पदवी मिळवलेली असावी, असा ढोबळ हिशेब आहे. हे काम चोविसाव्या वर्षी सुरू करून उपयोग नाही. वरिष्ठ श्रेणी लागली की पुढच्या दोन-तीन वर्षांतच ते उरका, कारण नंतर मुलांच्या दहावी-बारावी येतात, आईवडिलांची आजारपणं येतात. नाशिककरांना तर घराजवळच सोय आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथेच, गंगापूर धरणाच्या बाजूला गोवर्धनला आहे, आणि त्याची अभ्यासकेंद्रं तालुक्यातालुक्यांत आहेत. नोकरी सांभाळून पदवी घेतलेल्या कितीतरी शिक्षकांना मी ओळखतो. फक्त प्रवेश घेण्याआधी संस्थेची किंवा कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि निकाल लागल्यावर वाढीव अर्हतेची नोंद सेवापुस्तकात करून घ्या. विनापरवानगी घेतलेल्या पदवीवरून पुढे प्रश्न निघतात.

दुसरी गोष्ट २० टक्क्यांची मर्यादा. वरिष्ठ श्रेणीतल्या पदांच्या वीस टक्केच पदं निवड श्रेणीला मिळतात. वरिष्ठ श्रेणीत वीस जण असतील तर जागा चार, आणि त्या सेवाज्येष्ठतेने भरायच्या. म्हणून सेवाज्येष्ठता यादी दर वर्षी बघा. यादी फिरते तेव्हा आपण न वाचताच सही करून मोकळे होतो. तसं करू नका. क्रमांक चुकला असेल तर त्याच वर्षी लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. दहा वर्षांनी ती चूक दुरुस्त करणं महाकठीण, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याशी नातं बिघडतं ते वेगळंच.

प्रस्ताव कुठे द्यायचा

खासगी अनुदानित माध्यमिक शाळेचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी अशा वाटेने प्राथमिक विभागाकडे जातो. कनिष्ठ महाविद्यालयाचा विभागीय शिक्षण उपसंचालकांकडे. महापालिका शाळांचा त्यांच्या शिक्षण विभागाकडे. आश्रमशाळेत असाल तर आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय.

सोबत काय जोडायचं? नियुक्ती आदेश, मान्यता आदेश, सेवापुस्तकाच्या संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती, शैक्षणिक आणि व्यावसायिक अर्हतेची प्रमाणपत्रं, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, गोपनीय अहवाल, विभागीय चौकशी चालू किंवा प्रस्तावित नसल्याचा दाखला, लागू असल्यास जात वैधता, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र. खासगी शाळेत संस्थेचा ठरावही. आपल्या कार्यालयाची तपासणीसूची मिळत असेल तर आधी तीच मागून घ्या आणि कागद त्याच क्रमाने लावा. पानांना क्रमांक द्या. मी संपूर्ण फाइलची झेरॉक्स घरी ठेवतो आणि आवक क्रमांक पहिल्या पानावर लिहून घेतो. पुढे चौकशीला गेल्यावर "साहेब, आवक क्रमांक अमुक, दिनांक तमुक" एवढं सांगितलं की फाइल लवकर सापडते.

गोपनीय अहवालांबद्दल एक सांगायलाच हवं. ते वेळच्या वेळी लिहिले जात नाहीत, आणि प्रस्ताव करताना मागच्या वर्षांचे एकदम लिहून घ्यायची धावपळ होते. दर वर्षी मे महिन्याच्या सुट्टीआधी आपला स्वयंमूल्यमापनाचा भाग भरून द्या, आणि त्याची प्रत ठेवा.

आदेश हातात आला की तो नीट वाचा: नाव, पद, श्रेणी कोणती, आणि मंजुरी कोणत्या दिनांकापासून. तुमच्या वहीतल्या तारखेशी तो दिनांक जुळत नसेल तर कारण विचारा. मग सेवापुस्तकात नोंद, वेतननिश्चिती, आणि तिची वेतन पथकाकडून (शिक्षकांचे पगार काढणाऱ्या कार्यालयाकडून) पडताळणी. विकल्प द्यायचा असेल तर दिलेल्या मुदतीत द्या. १ जुलैच्या वेतनवाढीआधी निश्चिती घ्यावी की नंतर, याचं दोन्ही प्रकारचं गणित कागदावर मांडून पाहा, आणि जमत नसेल तर लेखा समजणाऱ्या सहकाऱ्याला शेजारी बसवून करा. थकबाकीचं पुरवणी देयक शालार्थमधून जातं. ती रक्कम ज्या आर्थिक वर्षात जमा होईल, त्या वर्षी विवरणपत्र भरण्याआधी थकबाकीवरच्या आयकर सवलतीचा फॉर्म भरायला विसरू नका.